गरजेपुरता फोटो

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको, की म्हाताऱ्याने लपवलं. आमच्या खाडीकाठच्या गावात लोक म्हणायचे, ह्यांच्या घरात सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आणि नशीब बघा, पुढे कुवेतला जाऊन मी पोटासाठी सुंभच विकला.

पन्नास आणि साठ सालाच्या मधली ही गोष्ट. कुवेतमध्ये तेव्हा आपला रुपया चालत होता. तिथल्या शर्क मोहल्ल्यात समुद्राला लागून गलबतं बांधायच्या जागा होत्या. त्यांना दोर, सुंभ, शिडाचं कापड आणि मलबारी साग पुरवणाऱ्या एका म्हाताऱ्या अरबाबाकडे, म्हणजे मालकाकडे, मी कारकून होतो. मुंबईच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं लिहायची आणि आलेला माल तपासून घ्यायचा, हे माझं काम. अरबाब तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला यायचा आणि हिवाळाभर तिथेच राहायचा, म्हणून त्याला मोडकीतोडकी हिंदी यायची. माझ्याशी तो हिंदीत बोले. रागावला की अरबीत. आम्हा दोघांचाही स्वभाव तसलाच, त्यामुळे मला त्या दुकानातली अरबी पटकन आली.

बायको गावी, रत्नागिरीकडे. मी पहिल्यांदा बोटीत बसलो तेव्हा तिला सातवा महिना होता. मुलगी झाल्याचं पत्रानेच कळलं. ती दीड वर्षाची असताना मी दोन महिन्यांच्या रजेवर गेलो. पोरीने मला बघितलं आणि असा टाहो फोडला, की शेजारीण धावत आली. दोन महिन्यांत ती माझ्याकडे धड आलीच नाही. मी दारात दिसलो की आईच्या खांद्याला चिकटायची आणि माझ्याकडे पाठ करायची. तिचं डोकं पाठीमागून कसं दिसायचं ते मला आजही सांगता येईल. मानेवर जावळाची एक बारीक बट होती, घामाने चिकटलेली. निघताना मी बायकोला म्हटलं, "पासपोर्ट काढून ठेव. बेत जमला की दोघींना बोलावतो."

बोललो आणि विसरलो. खोलीत आम्ही पाच जण, सगळे कोकणातले, सगळे बायकोला असंच सांगून आलेले.

दोनेक वर्षांनी बायकोचं पत्र आलं. ती चौथीपर्यंत शिकली होती, पत्रं स्वतः लिहायची आणि मुद्द्याचं लिहायची. तिने विचारलं होतं, तालुक्याला फोटोवाला आला आहे, पोरीचा फोटो काढून पाठवू का? आता ती खूप बोलते, तुमच्यासारखी चिडते, बघाल तरी.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे चित्राचं वावडं. ज्या घरात चित्र असेल त्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत, हे मी बापाच्या मांडीवर ऐकलेलं. कुणीतरी भेट दिलेलं चित्राचं कॅलेंडर बापाने सगळ्यांसमोर चुलीत घातलं होतं. मी तसलंच खरमरीत उत्तर धाडलं. माझ्या घरात तसवीर चालायची नाही, पुन्हा विषय काढायचा नाही.

ती कसली गप्प बसते! तिचं उलट पत्र आलं: "तुमच्या पासपोर्टावर तुमचा फोटो हाय. तो उशाशी घेऊन झोपता. मग तुमच्या खोलीत फरिश्ते येतात की नाय?"

खोलीतल्या लोकांना वाचून दाखवलं असतं तर हसून मेले असते. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मी लिहिलं, आणि ते वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे: "पासपोर्टाचा फोटो ही गरज. गरजेपुरतं माफ असतं. पोरीचा फोटो ही हौस. गरजेपुरता ठेवावा, बाकीचा चुलीत घालावा, हे माझ्या बापाने शिकवलं आणि तेच माझ्या घरात चालेल."

त्यानंतर तिने फोटोचा विषय काढला नाही. मी खूश. म्हटलं, बायको ऐकते.

पुढच्या पावसाळ्यात पोर घटसर्पाने गेली. चार वर्षांची. पावसाळ्यात आमच्याकडची बंदरं बंद, टपाल फिरून यायचं. मेव्हण्याचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा पोरीला पुरून चाळीस दिवस होऊन गेले होते. मी दुकानात सुंभाच्या गुंडाळ्या मोजत उभा होतो. पत्र वाचलं, खिशात ठेवलं आणि उरलेल्या गुंडाळ्या मोजल्या. एकही चुकली नाही. ह्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

बायकोची पत्रं चालू राहिली. गुरांचं, छपराचं, आईच्या गुडघ्यांचं सगळं असायचं. पोरीबद्दल एक अक्षर नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहिणार?

त्याच्या पुढच्या वर्षी अरबाबाचे डोळे गेले. एक पुरता गेला होताच, दुसऱ्यावर पडदा आला. त्याच्या मुलांनी ठरवलं, लंडनला नेऊन ऑपरेशन करायचं. बरोबर इंग्रजी येणारा माणूस हवा म्हणून मला घेतलं. मला कोट शिवला. तो घालून मी आरशात बघितलं आणि स्वतःलाच सलाम करणार होतो.

लंडनच्या डॉक्टराने डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि आठवडाभर थांबायला सांगितलं. म्हणाला, ऑपरेशन यशस्वी होईलच असं नाही, आहे तेवढी नजरही जाऊ शकते. हे अरबाबाला मी हिंदीत सांगितलं. तो मात्र शांत होता. दोन दिवस खोलीत बसून कंटाळला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "होटलवाला बोलता है, इधर तसवीरों का बड़ा घर है. सरकारी. टिकट नहीं लगता."

मी म्हटलं, "अरबाब, तसवीर? हराम."

"हराम-हलाल मेरे को सिखाता है? ऑपरेशन के बाद आँख रहेगी कि नहीं, अल्ला जाने. जितनी है, उतने में देख लेता हूँ. जहाज दिखा मुझे. सुना है, जहाज की बड़ी-बड़ी तसवीर है."

गलबताचं चित्र चालतं. त्यात जीव नाही. मी मनाशी सोय लावली आणि निघालो.

बाहेर मोठा चौक, दगडाचे सिंह, कबुतरं. पायऱ्या चढताना अरबाबाने माझं कोपर पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. थोबावर, म्हणजे लांब अरबी झग्यावर, ओव्हरकोट आणि डोक्यावर रुमाल, असा म्हातारा. लोक चित्रं सोडून आमच्याकडे बघत होते. आत एकामागून एक दालनं, छताला काच, लाकडी जमीन पायाखाली कुरकुरणारी. पहिल्या काही दालनांत सगळी त्यांच्या धर्माची चित्रं. मी मान खाली घातली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत चाललो. पहारेकऱ्याला वाटलं असेल, ह्याचं काहीतरी हरवलंय.

गलबतं सापडली तेव्हा अरबाब पोरासारखा खूश झाला. पण त्याला लांबून दिसेना, आणि नाक चित्राला लावायला गेला की पहारेकरी हात करून मागे व्हायला सांगायचा. अरबाब वैतागला. "दूर से दिखता नहीं, पास से ये देखने देता नहीं. तू बोल. तेरी आँख किस काम की?"

मग मी सांगत सुटलो. डोलकाठ्या किती, शीड कुठून बांधलंय, दोर कसा ओवलाय. हे माझ्या धंद्यातलं. एका गलबताचा दोर मी सांगितल्यावर तो म्हणाला, असा दोर बांधला तर पहिल्या वाऱ्यात शीड फाटेल, ह्या चित्रकाराला गलबतात पाठवा. मला हसू आलं. पोर गेल्यापासून मी हसलो असेन तर त्याच दिवशी.

मग तो दमला. एका दालनाच्या मधोमध बाक होता, तिथे त्याला बसवलं. समोरच्या भिंतीवर लहानसंच एक चित्र होतं, खिडकीएवढं.

"इस में क्या है?"

मी न बघताच म्हटलं, "औरत है."

"और?"

"बच्चा है."

"कैसा बच्चा? बोल ना."

आता आली का पंचाईत! बघितल्याशिवाय सांगणार काय? मी मान वर केली.

साधीच बाई होती. राणीबिणी नाही. बाह्या वर सारलेल्या, कपाळावर घाम, नुकतीच कामातून उठून खुर्चीत बसलेली. मांडीवर दोन-तीन वर्षांची पोर उभी. पोरीने आईचा खांदा धरला होता, आईच्या कापडात बोटं घट्ट रुतवून. आणि तोंड आमच्याकडे. कुणीतरी परका दारात आलाय आणि आता रडू की नको, असं तोंड.

मी सांगायला लागलो. बाई कशी बसली आहे, पोरीचा हात कुठे आहे. "बाल काले हैं," मी म्हटलं, "पतले. गर्दन पे चिपके हुए. माथा चौड़ा. आँख..." आणि तिथे मी थांबलो. डोळे कसे होते? मी आठवत होतो. समोर चित्र टांगलेलं होतं आणि मी आठवत होतो.

अरबाब म्हणाला, "झूठ बोलता है तू. बाल काले नहीं, पीले हैं. इतना तो मेरे को भी दिखता है. तू किस को देख रहा है?"

मी त्या बाकावर बसलो आणि रडलो. भर लोकांत, नवा कोट घालून. मेव्हण्याचं पत्र वाचून जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं, आणि आवरेचना. पहारेकरी आला, काय झालं विचारू लागला. मी काय सांगणार त्याला? साहेब, तुमच्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी पोरीचं तोंड भिंतीवर जपून ठेवलंय, पहारा ठेवलाय त्याच्यावर, आणि माझी पोर गेल्या वर्षी गेली तर तिचे डोळे मला सांगता येत नाहीत. तो पाणी घेऊन आला. भला माणूस.

अरबाबाला मी सगळं सांगितलं. पत्र, उलट पत्र, गरज आणि हौस, सगळं. मला वाटलं, शाबासकी तरी देईल नाहीतर शिवी तरी. त्याने आपल्या उरल्यासुरल्या डोळ्यासमोर स्वतःचा हात धरून बघितला. मग म्हणाला, "मेरी भी दो बच्ची गयी. चेचक की बीमारी में. मेरे को भी याद नहीं. उनकी माँ को याद था, वो भी गयी." आणि उठताना म्हणाला, "औरत को बुला ले. परवाना मैं देता हूँ. उस को याद होगा."

त्याचं ऑपरेशन बरं झालं. म्हणजे पुरतं नाही, पण माणूस आणि गलबत ओळखता येईल एवढी नजर राहिली.

कुवेतला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते बायकोला पत्र. इकडे ये, अरबाब परवाना काढून देतोय, पासपोर्ट काढ आणि परवान्याच्या अर्जासाठी तुझे दोन फोटो पाठव. बैल गेला आणि झोपा केला, पण केला. बायकोच्या फोटोला माझी ना नव्हती. ती गरज होती. पीळ बघा मेल्याचा! एवढं रडून आलो तरी हिशेब तोच.

महिन्याभराने पाकीट आलं. दुकानातच उघडलं. दोन फोटो निघाले, एकसारखे. बायको गंभीर तोंड करून बसलेली, डोक्यावर पदर. पण फोटोचा आकार विचित्र होता, उंच आणि अरुंद. एका बाजूने कात्रीने कापलेला, सरळसुद्धा नाही, जरा तिरका. मला वाटलं, फोटोवाल्याने काम बिघडवलं. मग मी तो उजेडात धरला.

कापलेल्या कडेला, तिच्या खांद्यावर, चार बोटं होती. इवलीशी. पदरात रुतलेली.

बरोबरच्या चिठ्ठीत नेहमीसारखं मुद्द्याचं लिहिलं होतं. "नवीन फोटोची गरज नाय. पासपोर्टालाही हाच चालला. हा तालुक्याला फोटोवाला आला तेव्हाच काढलेला, तुमी दोघींना बोलावणार होतात म्हणून. फोटोवाला म्हणाला, पासपोर्टाला लहान पोर आईच्याच फोटोत चालतं. काढून झाल्यावर तुमाला विचारलं. मग तुमची चिठ्ठी आली. तुमी लिहिलंत तसंच केलं. गरजेपुरता ठेवला, बाकीचा चुलीत घातला."

म्हणजे फोटो होता. मी उत्तर लिहायला बसलो तेव्हा तो माझ्या घरात, माझ्या फडताळात होता. आणि तिने माझं पत्र हातात घेऊन कात्री चालवली तेव्हा पोर जिवंत होती. तिथेच कुठेतरी अंगणात खेळत असेल, बडबडत असेल. चिडली की कशी दिसते ते त्या तुकड्यात असेल. माझ्या शब्दाला मान दिला बाईने. असा मान कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शिव्या द्यायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी स्वतःला दिल्या. मोठ्याने. अरबाब आतून विचारत राहिला, काय झालं, कोण आलंय?

दुसऱ्या दिवशी परवान्याच्या कचेरीत गेलो. अर्ज घेणारा कारकून तरुण होता, हसऱ्या तोंडाचा. त्याने फोटो उचलला, अर्जावरच्या चौकटीत ठेवून बघितला. खालून-वरून बसत होता, बाजूने थोडा बाहेर येत होता. "ही बोटं कुणाची?" तो अरबीत म्हणाला. "ही पट्टी कापून टाकतो, बरोबर बसेल." आणि खणातून कात्री काढली.

मी असा ओरडलो, की रांगेतले सगळे मागे सरले. "हात लावू नकोस!" मराठीत ओरडलो, हे मला नंतर कळलं. त्याचं मनगट मी धरलं होतं. शिपाई आला, त्याने माझा खांदा पकडला. अरबाबाचं नाव ऐकून त्यांनी मला बाहेर काढलं नाही, एवढंच.

मग मी अरबीत सांगितलं, जमेल तेवढं सावकाश. "कापायचं तर इकडून काप. माझ्या बायकोचा हा दुसरा खांदा काप, हवं तर कानही काप. ती येणार आहे. तुझ्यासमोर उभी करीन, ओळखून घे. पण ती बाजू तशीच राहू दे."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. त्याला काय समजलं कुणास ठाऊक. त्याने फोटो फिरवला आणि दुसऱ्या बाजूने बारीक पट्टी कापली. चिकटवताना त्या चार बोटांवर डिंक येऊ दिला नाही.

बायको हिवाळ्यात बोटीने आली. धक्क्यावर आम्ही परक्यासारखे उभे राहिलो. तिने प्रवासाचं सांगितलं, मी घराचं. शर्कमागच्या गल्लीत मातीच्या घराची एक खोली अरबाबाने दिली होती. पोरीचं नाव कुणी काढलं नाही. लंडनमध्ये ठरवून आलो होतो, की ही आली की पहिलं विचारीन, तिचे डोळे कसे होते सांग. महिना गेला, विचारायची छाती झाली नाही.

मग तिचे राहायचे कागद तयार होऊन आले. मी ते तिच्यासमोर ठेवले. ती चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिने कागद उचलला, फोटो बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"माझा हा खांदा कुणी कापला?"

"मी कापायला लावला," मी म्हटलं. "ते ही बाजू कापत होते."

तिने कागद खिडकीकडे धरला. बोटांवरून अंगठा फिरवला, एकदा. मला वाटलं आता बोलेल, आता माझ्या अंगावर येईल, जे इतकी वर्षं बोलली नाही ते सगळं बोलेल. तेवढं ऐकून घेणं माझ्या हक्काचंच होतं.

"बरं केलंत," ती म्हणाली आणि सूप पुन्हा पुढे ओढलं. थोड्या वेळाने, मान खाली घालूनच, म्हणाली, "डोळे तुमच्यावर गेले होते. रागावली की अशीच बघायची."